स्कुबा / स्नॉर्केलिंगसाठी कुठे जावं? चौघांचं कुटुंब, नीट पोहता एकालाच येतं

सेंट्रल_लाईनवाला
नमस्कार मंडळी. गणपती झाले, घर जरा शांत झालं आणि लगेच सुट्टीचा विषय निघाला. या वेळी डोंगर नको, देवळं नको, समुद्राच्या आत काय असतं ते बघायचं असं पोरीने फर्मान काढलंय. आम्ही चौघं: मी (चाळिशी ओलांडली, गुडघे अजून बरे आहेत), बायको, मुलगी बारा वर्षांची, मुलगा आठचा. पोहता मला येतं, तेही गावच्या विहिरीत शिकलेलं, म्हणजे डोकं कायम वर. मुलगी मुलुंडच्या तलावावर शिकतेय पण अजून खोल बाजूला सोडत नाहीत. बायकोला पाणी कमरेच्या वर गेलं की राम आठवतो.

सुट्टी दोनच वेळा मिळते, दिवाळीत आठवडाभर नाहीतर मे महिन्याचे पहिले पंधरा दिवस, नंतर ऑफिस सोडत नाही. बजेट सगळं धरून दोन लाखांच्या आसपास, पासपोर्ट चौघांचे आहेत. ऑफिसातले म्हणतात बाली, मेव्हणा म्हणतो मालदीव, सासरे म्हणतात घरचा मालवण सोडून कुठे पैसे उधळता. यूट्यूब बघून डोकं फिरलंय, प्रत्येक व्हिडिओत पाणी निळंशार आणि मासे कॅमेऱ्यात बघून हसतायत. खरं काय ते सांगा.

नस्ती_उठाठेव
दोन लाखांत घरी केवढा फिश टँक येईल याचा विचार केलाय का? तारापोरवाला बंद पडल्यापासून मुंबईत त्याची गरजही आहे.

वेंगुर्ल्याचो_झील
सासरे बरोबर बोलतत. मालवणाक येवा, किल्लो बघा, सोलकढी पिवा, दर्यात उतरा. बाली नि बिली कित्याक? आमच्या दर्यात मासे नाय काय?

आता सगळ्यांका कळात असा लिहितंय. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला खडक आणि कोरल (प्रवाळ) आहे, मालवणचं सागरी अभयारण्य 1987 सालीच जाहीर झालंय. पोहता न येणाऱ्यालाही खाली नेतात, इन्स्ट्रक्टर शेवटपर्यंत सोडत नाही. तारकर्लीला एमटीडीसीचं रीतसर डायव्हिंग शिकवणारं केंद्र आहे, तिथे कोर्सही होतात. खर्च म्हणाल तर बालीच्या एका तिकिटात तुमचं अख्खं कुटुंब मासे खाऊन, मासे बघून, परत मासे खाऊन घरी येईल. पाऊस संपल्यावर लगेच येऊ नका, पाणी निवळायला वेळ लागतो. डिसेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. मेच्या शेवटच्या आठवड्यात सरकारी हुकमाने सगळं बंद होतं ते थेट सप्टेंबरपर्यंत.

बुडबुडे
जागा नंतर बघू, आधी कॅलेंडर घ्या. लोक उलटं करतात, आधी फोटो आवडतो, मग तिकीट काढतात, मग तिथे पोचल्यावर कळतं की या महिन्यात बोटीच निघत नाहीत. मी दादरचा, डायव्हिंग बरीच वर्षं करतोय, ओळखीपाळखीतला प्रत्येकजण फोन करून "कुठे जाऊ" विचारतो आणि मी "कधी जाणार" विचारतो.

दिवाळी म्हणजे ऑक्टोबरचा शेवट नाहीतर नोव्हेंबर. आपल्याकडचा पाऊस संपलेला असतो पण बंगालच्या उपसागरात तेव्हाच चक्रीवादळांचा सीझन असतो, त्यामुळे अंदमानला सलग ऊन मिळेल किंवा वादळाचा इशारा आला म्हणून बेटांमधल्या फेरीबोटी बंद आणि तुम्ही हॉटेलच्या खिडकीतून पाऊस बघत बसलाय, दोन्ही होऊ शकतं. मलेशियाच्या पूर्वेकडची बेटं, पेरहेंशियन वगैरे, नोव्हेंबर ते फेब्रुवारी जवळपास बंदच, त्यामुळे तीही गेली. बालीत पावसाळा सुरू व्हायच्या बेतात. मालदीवला मात्र चांगला सीझन चालू होत असतो. लक्षद्वीपही उघडलेलं असतं.

मेच्या पहिल्या पंधरवड्यात चित्र पालटतं. मान्सून अंदमानात साधारण 20 मेच्या आसपास पोचतो, त्याच्या आधी एप्रिलपासून समुद्र बरेचदा तळ्यासारखा शांत, उकाडा भयंकर पण पाण्याखाली कोणाला उकडतंय. बालीचा कोरडा मोसम सुरू झालेला असतो, पेरहेंशियन उघडलेलं असतं, श्रीलंकेचा पूर्व किनारा उघडतो. मालदीवला वारा फिरतो, पाऊस येऊन जाऊन असतो, ट्रिप वाया जाईलच असं नाही पण व्हिडिओतलं निळं पाणी मिळण्याची खात्री नाही.

आता दुसरा प्रश्न, तुम्हाला स्कुबा करायचाय (टाकीतली हवा घेत खोल जायचं) की स्नॉर्केलिंग (मास्क-नळी लावून वरच तरंगत खाली बघायचं)? कारण आठ वर्षांच्या मुलाला समुद्रात स्कुबा नाही. पाडी (PADI) या डायव्हिंग शिकवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमाने समुद्रातल्या डाइव्हला किमान वय 10, आठच्या पोरांना फक्त स्विमिंग पुलात, दोन मीटरपर्यंत. कोणी "चलता है" म्हणून खाली न्यायला तयार झाला तर त्याच क्षणी तिथून निघा. म्हणजे तुमची ट्रिप मुळात स्नॉर्केलिंगची आहे, त्यात बाप-लेकीची एखादी डाइव्ह. मग अशी जागा हवी जिथे किनाऱ्यावरून चालत पाण्यात गेलं की रीफ, म्हणजे कोरलची रांग, लागते, बोटीतून खोल पाण्यात उडी मारायला लागणारी नको. हे एकदा कळलं की निम्मी नावं आपोआप गळतात.

सेंट्रल_लाईनवाला
अरे बापरे, हे वयाचं माहीतच नव्हतं. एका टूरवाल्याने फोनवर "सहा सालसे ऊपर सबको करवाते हैं" सांगितलं होतं.

बुडबुडे
त्याचा नंबर डिलीट करा.

पार्लेकरीण
मालदीव दोन लाखांत होत नाही हा समज आहे. पाण्यावरच्या झोपडीत राहायचं असेल तर नाही होत, बरोबर. पण लोकल बेटांवर गेस्ट हाउस असतात, माफुशी सगळ्यात गाजलेलं आणि म्हणूनच गर्दीचं, आम्ही धिगुराला गेलो होतो. मुंबईहून मालेला डायरेक्ट फ्लाइट, तीन तासांच्या आत-बाहेर, व्हिसा तिथे उतरल्यावर फुकट मिळतो 30 दिवसांचा, फक्त ऑनलाइन फॉर्म आधी भरायचा. पुढे स्पीडबोट. हा स्पीडबोटीचा खर्च लोक धरत नाहीत आणि चौघांचा जाऊन येऊन चांगलाच बसतो. शिवाय ग्रीन टॅक्स, 2025 पासून तो दुप्पट झालाय, छोट्या गेस्ट हाउसला माणशी दिवसाला 6 डॉलर, मोठ्या हॉटेल-रिसॉर्टला 12. लोकल बेटांवर दारू नाही, आणि पोहण्याच्या कपड्यांत फिरायला वेगळा बीच ठरवून दिलेला असतो, बाकी गावात अंगभर कपडे. आम्हाला काही अडलं नाही, आम्ही रॅश गार्ड (पाण्यात घालायचा अंगाला घट्ट बसणारा शर्ट) आणि लेगिंग्जमध्येच होतो, उन्हापासूनही वाचलो.

धिगुराला जायचं कारण व्हेल शार्क, अवाढव्य पण निरुपद्रवी मासा. साउथ आरी भागात तो वर्षभर दिसू शकतो. आम्ही बोटीवर कंटाळून बिस्किटं खात बसलो होतो, तेवढ्यात गाईडने वरूनच ओरडून सांगितलं "मास्क, मास्क, मास्क" आणि सगळ्यांची धावपळ. उडी मारली, बुडबुडे गेले आणि खाली बघते तर आधी काहीच नाही, नुसती निळाई, मग त्या निळाईतला एक तुकडा हलतोय असं वाटलं आणि त्याच्यावर ठिपके दिसायला लागले, पाठीवर ओळीने मांडलेली ठिपक्यांची रांगोळी, आणि ती संपेचना. शेपटी यायला इतका वेळ लागला की मी श्वास घ्यायचा विसरले आणि नळीत पाणी गेलं. तो बिचारा आमच्याकडे ढुंकूनही न बघता निघून गेला.

पण हे सांगायलाच हवं, ते खोल पाणी होतं, लाटा होत्या आणि मला पोहता येतं. कमरेच्या वर पाणी गेल्यावर राम आठवणाऱ्या माणसाला मी तिथे नेणार नाही.

गिरगावकर_काका
मी साठीनंतर पहिल्यांदा तोंड पाण्यात घातलं, तेव्हा माझं ऐका. अंदमानला आम्ही गेलो ते सेल्युलर जेल बघायला, सावरकरांची कोठडी बघायची इच्छा होती, समुद्र वगैरे डोक्यात नव्हता. पोर्ट ब्लेअरला आता श्री विजयपुरम म्हणतात, हॅवलॉकला स्वराज द्वीप आणि नीलला शहीद द्वीप, पण जेटीवर सगळे जुनीच नावं घेतात, तिकीट काढताना गोंधळू नका.

मुलगा म्हणाला बाबा एकदा तरी बघा. नील बेटावर भरतपूर बीच आहे, तिथे गेलो. मास्क लावला की आत पाणी, परत लावला की परत पाणी. तो मुलगा, स्थानिक होता, बंगालीमिश्रित हिंदी बोलणारा, माझ्याकडे बघून म्हणाला "अंकल, मूछ". आता चाळीस वर्षांची मिशी काय तिथे कापणार? त्याने खिशातून व्हॅसलीनची डबी काढली आणि माझ्या मिशीला असा काही लेप दिला की ही किनाऱ्यावर बसून हसायला लागली. पण पाणी यायचं थांबलं. काचेवर धुकं धरत होतं, तर म्हणाला आतून थुंका आणि धुवा. थुंकलो. मग खाली बघितलं. पोपटी रंगाचा एक मासा खडकाला चावत होता आणि चावण्याचा आवाज येत होता, कुरुम कुरुम, पाण्यात! मी वर येऊन हिला सांगितलं तर हिचा विश्वास बसेना.

एक लक्षात ठेवा, भरती-ओहोटी बघून जायचं. ओहोटीला तिथे पाणी गुडघ्याएवढं होतं आणि कोरलवर पाय पडतात, ते मरतं आणि आपलेही पाय फाटतात.

डॉक्टरीणबाई
काका, तो पॅरटफिश. कोरल आणि खडकावरचं शेवाळ खरवडून खातो. 🙂

मी कान-नाक-घशाची डॉक्टर, त्यामुळे माझ्याकडे सुट्टीहून परत आलेले लोक येतात. फक्त दहा मीटर खाली गेलं की कानाच्या पडद्यावरचा दाब जमिनीपेक्षा दुप्पट होतो, आणि सगळ्यात जास्त फरक पहिल्या काही मीटरमध्येच पडतो. म्हणून नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, आणि ते दुखायला लागल्यावर नाही, दुखायच्या आधीपासून, दर मीटरभराला. कानातला दाब नाही सुटला तर थोडं वर यायचं, जोर लावायचा नाही. पैसे भरलेत म्हणून दात-ओठ खाऊन खाली जाणारे महाभाग असतात, त्यांचे पडदे फाटलेले मी बघते. सर्दी असेल तर डाइव्ह रद्द. नाक मोकळं करायची गोळी घेऊन उतरू नका, तिचा असर मध्येच संपला की वर येताना त्रास होतो.

दमा, फिट्स, हृदयाचा त्रास, नुकतंच ऑपरेशन, गरोदरपण, यांपैकी काहीही असेल तर फॉर्मवर खरं लिहा आणि आधी डॉक्टरला विचारा. फॉर्मवर सगळीकडे "नाही" टिक करायची आपली सवय आहे. आणि श्वास कधीही रोखून धरायचा नाही, वर येताना तर नाहीच नाही, फुप्फुसातली हवा फुगते.

विमानाचंही बघा. एकच डाइव्ह केली तर निदान 12 तास, दोन-तीन दिवस डायव्हिंग केलं तर 18 तास विमानात बसायचं नाही. स्नॉर्केलिंगला हा नियम नाही. म्हणून डाइव्ह पहिल्या दिवसांत, स्नॉर्केलिंग आणि शॉपिंग शेवटी. मालवणहून आंबोली घाटाने कोल्हापूरकडे जाणाऱ्यांनीही डाइव्ह संपल्यासंपल्या गाडी काढू नये, आंबोली समुद्रसपाटीपासून जवळपास 700 मीटर आहे.

नस्ती_उठाठेव
इतकं वाचून मला चाळीतल्या पाण्याच्या टाकीतही उतरायची भीती वाटायला लागली.

बुडबुडे
मालवणबद्दल झीलभाऊ रागावणार पण बोलतो. तिथे स्वस्तात जे "स्कुबा" म्हणून विकतात त्यातल्या बऱ्याच बोटींवर टाकी तुमच्या पाठीवर नसतेच, ती बोटीवर असते आणि लांब पाइपने हवा खाली येते. मागे इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरून असतो, दहा-पंधरा मिनिटं खाली ठेवतात, पावाचे तुकडे सोडतात म्हणजे मासे जमतात, फोटो काढला की वर. याला वाईट म्हणत नाही, पाण्याखाली श्वास घेता येतो एवढं कळायला ते पुरेसं आहे, पण त्यावरून "मी स्कुबा केलंय, मला काही विशेष वाटलं नाही" असं ठरवू नका. किल्ल्याजवळ दोन-पाच मीटरच्या पुढचं दिसलं तर नशीब. आणि तो पाव टाकणं बंद व्हायला हवं, माशांचं ते अन्न नाही, आणि पाव दिसला की तेच ते पट्टेवाले धटिंगण मासे गर्दी करतात, बाकीचे लांब राहतात.

दुसरं, मे 2022 मध्ये तारकर्लीला स्कुबाहून परतणारी बोट उलटली आणि पर्यटक दगावले, हे विसरू नका. बोटीत चढायच्या आधी लाइफ जॅकेट अंगावर, बकल लावलेलं. ढिगात पडलेलं नाही. क्षमतेपेक्षा जास्त माणसं कोंबत असतील तर उतरा, पैसे गेले तरी चालतील.

वेंगुर्ल्याचो_झील
रागावत नाय, खरा ता खरा. पण सगळेच तसले नाहीत ना रे. निवतीच्या बाजूला, वेंगुर्ला रॉक्सकडे पाणी खोल आणि जास्त स्वच्छ, तिथे पाठीवर टाकी घेऊन नीट डाइव्ह करवणारे आहेत. तारकर्लीचं सरकारी केंद्रही आहेच. विचारायचा काय तर "टाकी पाठीवर की बोटीर?" एवढाच. समोरचो गडबडलो की समजा.

आणि टाकीत "ऑक्सिजन" असतो असं पावतीवर लिहिणाऱ्यालाही हसा, ती साधी दाबलेली हवा असते.

बजेटवाली
श्रीलंका कोणी धरत नाही म्हणून सांगते. दोन किनारे, दोन सीझन. नैर्ऋत्येला हिक्कडुवा, उनावाटुना, ते नोव्हेंबर ते एप्रिल. पूर्वेला त्रिंकोमाली, ते साधारण मे ते सप्टेंबर, म्हणजे आपल्याकडे धो धो पाऊस असताना. त्रिंकोच्या निलावेली बीचसमोर पिजन आयलंड आहे, छोटासा नॅशनल पार्क, बोटीने वीसेक मिनिटं आणि मग किनाऱ्यावरूनच आत शिरायचं. ब्लॅकटिप शार्क फिरत असतात, लहान, आपल्यालाच घाबरणारे. आम्हाला कासवही दिसलं. पण कोलंबोहून त्रिंको रस्त्याने पाच-सहा तासांच्या वर, मुलं कंटाळतात, आणि वीकेंडला तिथे इतकी गर्दी की माशांपेक्षा लाइफ जॅकेट जास्त दिसतात. आम्ही सकाळी पहिल्या बोटीने गेलो म्हणून निभावलं. खर्च अंदमानाएवढाच आला, खरं तर थोडा कमी, कारण अंदमानचं विमानाचं तिकीट मे महिन्यात डोळे पांढरे करतं.

मालाड_मालवणी (मालाडचं, मालवणचं नाही)
बालीला माझा भाऊ गेला होता, कुटा-सेमिन्याकमध्ये राहिला, डायव्हिंगला रोज गाडीने लांब. डायव्हिंगच करायचं असेल तर थेट आमेड किंवा तुलांबेनला राहा म्हणतो. तुलांबेनला लिबर्टी नावाचं अमेरिकन मालवाहू जहाज किनाऱ्याजवळच बुडालेलं आहे, 1942 मध्ये टॉर्पेडो लागला, ओढत किनाऱ्यावर आणून ठेवलं, मग 1963 मध्ये आगुंग ज्वालामुखी फुटला तेव्हा सरकून पाण्यात गेलं. वरचा भाग इतका उथळ आहे की स्नॉर्केलवाल्यांनाही दिसतो. फक्त तिथला किनारा वाळूचा नाही, गोल गोल दगडांचा, लाटेत पाय सरकतो. बजेट दोन लाख चौघांना ओढूनताणून.

सेंट्रल_लाईनवाला
वा, एवढी माहिती! बायकोला वाचून दाखवतोय, ती "किनाऱ्यावर बसून हसणारी काकू" या पदासाठी अर्ज करतेय. 😄 लक्षद्वीपबद्दल कोणी सांगेल का? आणि नेत्राणी ऐकलंय, मुरुडेश्वरजवळ.

बुडबुडे
नेत्राणी माझं आवडतं, मुंबईच्या डायव्हरचं वीकेंडचं ठिकाणच ते. रात्री गाडीत बसा, कोकण रेल्वेने मुरुडेश्वर, तिथून बोटीने दीड तासाच्या आसपास. मालवणपेक्षा पाणी पुष्कळच स्वच्छ, खडकांच्या कडा खोल जातात, माशांचे थवे जोरदार. पण बेटावर उतरता येत नाही, सगळं बोटीवरून, आणि बोट थांबली की अशी काही डुलते की निम्मी मंडळी कठड्यावर ओणवी. मी अव्होमिन घेणारे आणि तरीही ओकणारे दोन्ही बघितलेत. आठ वर्षांच्या मुलाला आणि पाण्याला घाबरणाऱ्या बायकोला तिथे नेऊ नका, तुम्ही एकटे पुढे कधीतरी जा.

लक्षद्वीप तुमच्या कुटुंबासाठी कागदावर सगळ्यात योग्य. लगून उथळ, शांत, बाहेरच्या लाटा रीफवर अडतात, आत पोरं तासन् तास डुंबतील. कडमत, बंगाराम, मिनिकॉय. पण परमिट लागतं, खोल्या मोजक्या, विमान फक्त अगत्तीला, नाहीतर कोचीहून जहाज. 2024 च्या जानेवारीत पंतप्रधानांचे फोटो आल्यापासून मागणी तुफान वाढली, खोल्या त्या वेगाने वाढल्या नाहीत. दिवाळीसाठी आता सप्टेंबरात हात घातला तर मिळणं कठीण, मिळालंच तर बजेटबाहेर. आणखी एक वाईट बातमी म्हणजे 2024 च्या उन्हाळ्यात तिथलं कोरल मोठ्या प्रमाणात पांढरं पडलं, कोचीच्या सीएमएफआरआय या केंद्र सरकारच्या सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीच ते सांगितलं. समुद्राचं पाणी आठवडेच्या आठवडे जास्त गरम राहिलं की कोरल आपल्या आतलं शेवाळ बाहेर टाकतं, रंग आणि खाणं दोन्ही त्याच शेवाळाकडून मिळत असतं. लवकर थंडावा आला तर सावरतं, नाहीतर मरतं. त्या वर्षी जगभर हाच प्रकार झाला, त्यामुळे जिथे जाल तिथे जुने फोटो बघून अपेक्षा ठेवू नका, मागच्या सीझनचे बघा.

पार्लेकरीण
यावरून आठवलं, सनस्क्रीन. ऑक्सिबेन्झोन (कोरलला घातक मानलं जाणारं रसायन) असलेलं नको, अमेरिकेच्या हवाई राज्याने 2021 पासून त्याची विक्रीच बंद केली. त्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड घाला, स्नॉर्केल करताना पाठ आणि पोटऱ्यांची मागची बाजू भाजून निघते, माझी इतकी सोलली होती की विमानात टेकून बसता येईना. आणि पोरांनी कितीही हट्ट केला तरी कोरलचा तुकडा उचलून आणू नका, मेलेलाही नाही. वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, अंदमानच्या एअरपोर्टवर बॅगा उघडतात.

गिरगावकर_काका
आमच्या पुढच्या बाईंच्या पर्समधून निघाला होता. तुकडा गेला, वर अर्धा तास उभं राहून लिहून द्यावं लागलं.

चष्मावाला_परळ
मला मायनस चार आहे, मास्कमध्ये काय दिसणार?

बुडबुडे
नंबरच्या काचांचा मास्क मिळतो, बऱ्याच सेंटरला भाड्यानेही असतो, आधी फोन करून विचारा. सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स घालूनही चालतं, मास्क काढायची वेळ आली तर डोळे मिटून घ्यायचे. आणि तो पूर्ण चेहरा झाकणारा मास्क सध्या सगळीकडे विकतात, तो घेऊ नका, घाबरल्यावर झटकन काढता येत नाही.

डॉक्टरीणबाई
सेंट्रल_लाईनवाला, तुमच्या मिसेसना सोडून सगळे ठरवताय. त्यांना काय हवंय विचारलंत का?

सेंट्रल_लाईनवाला
विचारलं. तिचं म्हणणं जसंच्या तसं: "मला मासे बघायचेत, पण कोणीतरी धरलेलं पाहिजे आणि पायाखाली जमीन पाहिजे. आणि तुम्ही दोघं खाली असताना लहान्याला घेऊन मी काय करायचं ते आधी सांग."

बुडबुडे
पूर्ण धाग्यातलं सगळ्यात शहाणं वाक्य. मग हे करा. दिवाळी सोडा. आत्तापासून मेपर्यंत सात-आठ महिने हातात आहेत, वहिनींना आणि लहान्याला तलावावर घाला. पोहणं जमलं नाही तरी चालेल, फक्त तोंड पाण्यात घालून तरंगायला शिकू देत, स्नॉर्केलला तेवढंच लागतं. मास्क आणि नळी तुमची स्वतःची घ्या, चेहऱ्यावर बसवून बघून, पट्टा न लावता नाकाने हवा ओढली की मास्क चिकटून राहिला पाहिजे. तलाववाले परवानगी देत असतील तर तिथेच सवय करा, नाहीतर घरी टीव्ही बघताना नळीने श्वास घेत बसा, पोरं हसतील पण भीती जाते.

मग मेचा पहिला आठवडा, अंदमान. नील दोन रात्री, हॅवलॉक तीन. नीलला उथळ पाण्यात चौघं. हॅवलॉकला एलिफंट बीच, स्नॉर्केलिंगसाठी सगळे तिथेच जातात त्यामुळे सकाळी लवकर गाठा, गाईड रिंग धरून ओढत नेतो, वहिनींना त्यात बसून तोंड खाली घालता येईल. तुमची आणि मुलीची पहिली डाइव्ह एकाच वेळी ठेवू नका, एकजण खाली, एकजण लहान्याबरोबर किनाऱ्यावर, मग अदलाबदल. किनाऱ्यावरून चालत जाऊन करायची डाइव्ह मागा, नेमो रीफवर तशी करतात, बोटीची कटकट नाही. एका इन्स्ट्रक्टरमागे एकच पाहुणा असेल असं बुकिंगच्या वेळी लिहून घ्या. परतीच्या विमानाआधी एक अख्खा दिवस पोर्ट ब्लेअरला, सेल्युलर जेल त्या दिवशी.

आणि कुठल्याही बीचवर मगरीची पाटी असेल तर ती शोभेची नाही. 2010 मध्ये हॅवलॉकला स्नॉर्केल करणाऱ्या परदेशी पर्यटक मुलीला खाऱ्या पाण्यातल्या मगरीने मारलं होतं. लाइफगार्ड नको म्हणाला की नको.

नस्ती_उठाठेव
शाब्बास, आता वहिनी नक्की येणार.

बजेटवाली
तिकिटं मात्र आत्ताच बघायला लागा. डायरेक्ट मिळालं तर उत्तम, नाहीतर चेन्नई किंवा कोलकात्यावरून. बेटांमधल्या खाजगी फेरीचीही तिकिटं मे महिन्यात संपतात.

वेंगुर्ल्याचो_झील
आणि मालवणाचा काय झाला?

सेंट्रल_लाईनवाला
झीलभाऊ, मालवण आधी! ठरलं ते असं. 26 जानेवारीच्या आसपास सुट्टी जोडून मालवण, सासरे-सासूबाई पण येतायत. मुलगी तारकर्लीला रीतसर ट्राय डाइव्ह घेईल, कान सुटतात का ते तिथेच कळेल, लहाना किल्ल्यावर आजोबांबरोबर. बायकोने सोमवारपासूनची तलावाची बॅच लावली सुद्धा, मला न विचारता. मे महिन्यात अंदमान, फ्लाइट शोधायला लागलोय. मेव्हण्याला मालदीव एकट्याने करू दे.

एकच राहिलं, कुडाळला उतरायला रात्रीची गाडी कुठली बरी?

वेंगुर्ल्याचो_झील
तुतारी. दादरहून सुटते, सकाळी कुडाळ, तिथून मालवण रिक्षाने नाहीतर एसटीने. बुकिंग 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटी सकाळी आठला फोन हातात घेऊन बसा, 26 जानेवारीची गाडी मिनिटांत फुल होते. आणि तारीख नीट बघा हां, ती रात्री बारा वाजून गेल्यावर सुटते, म्हणजे शुक्रवारी रात्री घरातून निघणार असाल तर तिकीट शनिवारचं काढायचं. दरवर्षी कोणीतरी एक दिवस चुकून दादरला उभा असतो.